तसबिरीची पाठ

महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या घरांत दिवाणखान्याच्या किंवा देवघराच्या भिंतीवर राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीचें किंवा सरस्वतीचें छापील चित्र अद्यापि टांगलेलें आढळतें. चित्रावर कांच आहे, भोंवतीं सागवानी चौकट आहे. तेव्हां तें सुरक्षित आहे, अशी घरांतील मंडळींची सहज समजूत असते. वस्तुतः अशा चित्रांचा ऱ्हास पुष्कळदां चौकटीच्या आंतूनच होत असतो. चौकट हें चित्राचें भूषण खरें. परंतु तिच्या पोटांत काय घातलें आहे, यावर चित्राचें आयुष्य अवलंबून असतें.

पुण्यास १८७८ मध्यें चित्रशाळा निघाली आणि १८९४ मध्यें रविवर्मा यांचा छापखाना मुंबईस सुरू झाला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर चित्र उतरून, प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा घेऊन, एकाच कागदावर एकामागून एक ठसे उमटवीत. कांहीं चित्रांवर शेवटीं रोगणाचा हात देत, म्हणून तीं तैलचित्रासारखीं दिसत. राजेरजवाड्यांच्या महालांतील चित्र अशा रीतीनें सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर आलें. मळवलीचा छापखाना १९७२ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. म्हणून घरोघर उरलेल्या प्रतींचें मोल आतां केवळ बाजारभावानें ठरविण्यासारखें राहिलेलें नाहीं.

या चित्रांचा पहिला शत्रु म्हणजे अम्ल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिंध्यांच्या कागदाऐवजीं लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सर्वत्र पसरला. लाकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. उजेड व हवा लागून तें पिवळें पडतें आणि त्यांतून अम्ल उत्पन्न होतें. शाई पसरूं नये म्हणून कागदांत राळ व तुरटी घालीत, तुरटीहि अम्लधर्मीच. अम्लामुळें कागदाच्या तंतूंतील लांब साखळ्या तुटत जातात आणि कागद पापडासारखा ठिसूळ होतो. ही झाली कागदाची स्वतःची व्याधि. तींत भर म्हणून चौकट करणारा कारागीर चित्रामागें हलका पुठ्ठा किंवा खोक्याची देवदारी फळी घालतो. तिच्यांतील अम्ल हळूहळू चित्रांत उतरतें. जुनी चौकट उघडली असतां फळ्यांच्या सांध्यांच्या जागीं चित्राच्या पाठीवर तपकिरी पट्टे दिसतात, ते याच कारणानें.

दुसरा शत्रु ओल. पावसाळ्यांत मुंबईच्या व कोंकणच्या हवेंतील आर्द्रता शेंकडा ८० च्या वर जाते. आणि शेंकडा ६५ ते ७० च्या पुढेंच बुरशीला अनुकूल स्थिति निर्माण होते. कांच चित्राला टेकवून बसविली असेल, तर ओलाव्याला बाहेर पडण्यास जागा राहत नाहीं. रोगण कांचेला धरतें, आणि पुढें कांच काढूं जातां रंगाचे पोपडे तिच्याबरोबर निघतात. कागदांतील खळीच्या लोभानें कसरहि याच दमट अंधारांत येते. तसबिरीला ओला हार घातला किंवा कांचेवर ओला फडका फिरविला, म्हणजे पाणी चौकटीच्या कडेनें आंत झिरपतें. श्रद्धेनें केलेल्या कृतीनेंच चित्राला डाग पडावे, ही खेदाची गोष्ट होय.

यावरील उपाय कठीण नाहींत. चित्राभोंवतीं पुठ्ठ्याची जी कापलेली किनार घालतात, जिला कारागीर माउंट म्हणतात, ती केवळ शोभेसाठीं नसून चित्र व कांच यांत अंतर राखण्यासाठीं असते. ही किनार व चित्रामागील पुठ्ठा हीं दोन्ही कापसाच्या तंतूंचीं अथवा अम्लरहित असावीं. चांगल्या पुठ्ठ्यांत खडूच्या जातीचा क्षार मिसळलेला असतो व तो येणारें अम्ल मारतो. कांहीं वर्षांनीं किनारीची कापलेली तिरपी कड तपकिरी झाली, तर पुठ्ठा हलका होता असें समजावें. चित्र पुठ्ठ्याला कधींहि सबंध चिकटवूं नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें बिजागरीप्रमाणें लावाव्या. म्हणजे ऋतुमानाप्रमाणें फुगण्या-आकसण्यास कागदाला वाव राहतो आणि थोड्याशा ओलाव्यानें पट्टी सोडवितांहि येते. बाजारी चिकटपट्टी मात्र निषिद्ध; तिचा चिकटा कागदांत मुरतो व त्याचे डाग सहसा निघत नाहींत. कांहीं चित्रांतील वस्त्रांवर जर व टिकल्या बसविलेल्या असतात. अशा चित्रांना अधिक खोल चौकट लागते.

तिसरा शत्रु उजेड. त्याची हानि साचत जाते. फिकटलेला रंग पुन्हां परत येत नाहीं. साधी कांच अतिनील किरणांचा मोठा भाग आंत येऊं देते, म्हणून खिडकीसमोरची जागा टाळावी. पावसाचा मारा खाणारी भिंत व न्हाणीघराची भिंतहि वर्ज्य. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागें बुचाचे तुकडे लावले, तर भिंत व तसबीर यांमधून हवा खेळती राहते.

चौकट बदलावयास देतांना कारागिरास दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या. चित्राचा कांठ कापूं नये, कारण चित्राचें व छापखान्याचें नांव बहुधा त्याच कांठावर असतें; आणि कांचेला चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये, तें जाणत्या संरक्षकाकडे न्यावें.

तसबिरीचा दर्शनी भाग रोज सर्वांच्या दृष्टीस पडतो. तिची पाठ मात्र वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. दिवाळीपूर्वीं घर झाडतांना ती एकदां उतरवून पाठ तपासण्याचा नेम ठेवला, तर आजोबांनीं हौसेनें आणलेली लक्ष्मी नातवंडांच्याहि घरांत त्याच रंगांनीं उभी राहील.