पुलगावहून चापिंगोला

शाळेत परकी भाषा शिकवायची झाली की ‘प्रवास’ हा विषय हमखास येतो. पाचसहा मुलांचा गट करायचा, गटाला एक देश द्यायचा आणि सांगायचं, आठवड्याची सहल आखा, सगळं त्या भाषेत. स्पॅनिशच्या वर्गात हा प्रकल्प जगभर चालतो. कागदावर झकास दिसतो. घरी काय होतं ते पालकांना विचारा. नेटवरून माद्रिदचा राजवाडा, बार्सिलोनाचं चर्च आणि एक बैलझुंज. रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला रंगीत प्रिंट. मजकूर भाषांतराच्या ॲपमधून. गटातली एक हुशार मुलगी सगळं करते, बाकीचे डिंक लावतात. सादरीकरणाच्या दिवशी पाचही जण ‘ओला’ म्हणून हात हलवतात आणि स्पॅनिश तिथेच आटोपतं.

याचं खापर मी मुलांवर फोडणार नाही. पुलगावच्या नववीतल्या पोराला माद्रिदला जायचं कारणच काय? कारण असलं की प्रश्न पडतात, प्रश्न पडले की शब्द शोधावे लागतात. असं कारण वर्धा जिल्ह्याजवळ आहे, आणि ते मेक्सिकोत सापडतं.

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव विदर्भात अधूनमधून निघतं, जयंतीपुण्यतिथीला. जन्म १८८४ सालचा, वर्ध्याचा. क्रांतीच्या ध्यासाने हा मुलगा घर सोडून जपानमार्गे अमेरिकेत पोचला, तिथे शेतीशास्त्र शिकला आणि गदर पक्षाच्या उभारणीत पडला. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने हिंदुस्थानात घुसायचे बेत झाले, फसले. पुढे बर्लिन, मॉस्को असं करत १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले. इंग्रजांच्या राज्यात परतायची सोय नव्हती. राजधानीच्या पूर्वेला, तेस्कोको गावाजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. म्हणजे चाळिशीच्या घरातल्या वर्धेकराने वर्गात उभं राहून मका आणि गव्हाबद्दल बोलायचं, ते स्पॅनिशमधून! संशोधनही त्यांनी त्याच भाषेत लिहिलं.

मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी कामगिरी. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषी शाळा’ काढल्या. फी नाही, शिकायचं ते शेतातच. टिना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकर्तीने या कामाची छायाचित्रं टिपली. दिएगो रिवेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची रोजची भाकर’ या अर्थाच्या नावाचं भित्तिचित्र काढलं. त्यात पाव मोडून वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलंय. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला.

तर मग गटाला सहल द्यायची ती अशी: पुलगाव ते चापिंगो, खानखोज्यांच्या मागावर. आता बघा, कामं आपोआप निघतात. रेल्वेचं गाव असल्यामुळे पहिला टप्पा पोरांना पाठच असतो, मुंबईची गाडी. पुढे विमान कुठून बदलायचं? अमेरिकेतून बदलायचं तर नुसतं विमानतळावरून जायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे गेलं तर हिशेब वेगळा. मेक्सिको सिटीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. पुलगावात संध्याकाळचे सहा, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा. हे गणित एकदा स्पॅनिशमध्ये मोठ्याने केलं की वेळ सांगायचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, तेव्हा स्वेटर. पावसाळा मात्र जून ते सप्टेंबर, आपल्यासारखाच.

शेवटचा टप्पा सगळ्यात कामाचा. मेक्सिको सिटी ते तेस्कोको तीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास पुलगाव ते वर्धा. बसस्थानकावर जायचं आणि खिडकीत विचारायचं. वर्गात एक बाक आडवा टाकून खिडकी करावी, एकाने आत बसावं.

‘आ के ओरा साले एल आउतोबूस पारा तेस्कोको?’ तेस्कोकोची बस किती वाजता सुटते?

‘आ लास ओचो ई मेदिया.’ साडेआठला.

‘क्वान्तो क्वेस्ता?’ किती पडतील?

इथवर कुठलंही पुस्तक नेतं. खरी मजा खिडकीतल्या पोराने आडमुठेपणा केला की येते: साडेआठची बस भरली. मग पुढची कधी, उभं राहून चालेल का, सुटे नाहीत. आर्वीच्या एसटीसाठी ताटकळलेल्या मुलांना हा संवाद शिकवायची गरज नाही. त्यांना फक्त शब्द हवेत. आत ‘काका’ बसलेत असं मानलं की तोंडातून ‘तुम्ही’ येतंच. स्पॅनिशमध्येही वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना ‘उस्तेद’ म्हणतात, मित्राला ‘तू’. हो, तिथेही ‘तू’च.

खाण्याचं काम एका शाकाहारी मुलाकडे द्यावं. मेक्सिकोत मक्याची तोर्तिया म्हणजे रोजची भाकरी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून करतात. सोबत घेवड्याची उसळ. पोरगा खूश. मग कळतं की ही उसळ पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. ‘तिएने कार्ने?’ म्हणजे यात मांस आहे का, एवढ्यावर भागत नाही; ‘सिन मान्तेका’, चरबी न घालता, हेही म्हणावं लागतं. हे दोन शब्द तो जन्मात विसरणार नाही.

मराठी माणसाला स्पॅनिश तोंडात बसायला अवघड नाही. स्वर मुख्यतः पाच: आ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. इंग्रजांना तेच जमत नाहीत. देवनागरीत लिहून काढलं तर उच्चार पुष्कळसा बरोबर येतो. ‘मे गुस्ता एल माईस’ची बांधणी अगदी ‘मला मका आवडतो’सारखी, आवड मक्याकडून माणसाकडे येणारी. त्रास होतो तो ‘आहे’ची दोन क्रियापदं कुठे कोणतं वापरायचं याचा, आणि क्रियापदांच्या काळांचा. ते पहिल्या प्रकल्पात सोडून द्यावं.

गटात करून शिकण्याची ही पद्धत परदेशातून आली असं मानलं जातं. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, हे खरंच. पण ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तीत हाताच्या कामाभोवती आणि मातृभाषेतून शिक्षण असा ठराव झाला, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि तीच नई तालीम. तेव्हा पुलगावच्या शिक्षकाने प्रकल्पाची आखणी आधी मराठीत करून घेतली, तर त्याने वाईट वाटून घेऊ नये. काय विचारायचं हे आपल्या भाषेत पक्कं असलं की परक्या भाषेत ते अडत नाही.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात स्पॅनिश शिकवली गेली आहे. दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था आहे, तिच्या ‘देले’ परीक्षेत शाळकरी मुलांसाठी अगदी पहिली पायरीही आहे. नाव, वेळ, किंमत, रस्ता, जेवण एवढंच त्या पायरीला लागतं, म्हणजे सहलीचं सामान. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत देऊ करायच्या परकी भाषांत स्पॅनिशचं नाव घातलं आहे. कागदावरचं धोरण वर्गात यायला किती वेळ लागतो ते आपण जाणतोच.

प्रकल्पाचं शेवटचं पान चिकटवहीत न लावता पाकिटात घालावं. चापिंगोचं विद्यापीठ आजही चालू आहे. त्याला स्पॅनिशमधून एक पत्र. मुलांनी विचारायचं तरी काय? पुलगाव कापसाचं गाव, आणि आपल्या शेतातला आजचा संकरित कापूस ज्या जातीचा, तिचं मूळ मेक्सिकोच्या बाजूचं. आपण दिवाळीला दारावर बांधतो तो झेंडूही तिकडचाच. तिथे तो नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांच्या स्मरणासाठी वाहतात. तेव्हा प्रश्न तीन: खानखोज्यांचा मका अजून कुणी लावतं का, तुमच्याकडे कापसाला बोंडअळी लागते का आणि झेंडू काय भावाने जातो? आठ ओळींचं पत्र होईल. खाली पाचही जणांनी सह्या करायच्या, आणि डिंक लावणाऱ्यांनी निदान एकेक ओळ स्वतः लिहायची.