कुत्र्याच्या मूत्राशयाचे वायरिंग

मंडळातल्या बऱ्याच घरांत आता कुत्रा आहे. डॅशंडसारख्या लांब पाठीच्या जातीत मणक्यातली चकती सरकली, की मागचे पाय लुळे पडतात, आणि लघवीही अडते. आम्ही इंजिनियर मंडळी याला वायरिंगच म्हणणार! पेल्विक नस मूत्राशय आकुंचित करते, हायपोगॅस्ट्रिक ते सैल ठेवून भरू देते, प्युडेंडल बाहेरचा स्नायू आवळून धरते. तिघींचा मेळ मेंदू घालतो. ते केंद्र लंडनच्या बॅरिंग्टननी १९२५ साली मांजरांत दाखवले. मज्जारज्जू दबला की वरचा निरोप खाली पोचत नाही. तेव्हा लघवी थेंबथेंब गळू लागली तर "चला, सुटली एकदाची" म्हणू नका. बऱ्याचदा तुडुंब मूत्राशय ओसंडत असते. ताबडतोब डॉक्टर गाठा, आणि हाताने ते रिकामे कसे करायचे हे त्यांच्याकडूनच शिकून घ्या.