पिस्तुलाच्या फ्रेममधला कारखानदोष

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा. मूठ, मॅगझीनची खोबण, चाप, घोडा आणि त्यांना जागेवर धरणाऱ्या पिना या सगळ्यांचा आधार हाच भाग असतो. फ्रेमच्या वरच्या कडांना दोन्ही बाजूंनी अरुंद धारी असतात, त्यांना रेल म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड या रेलवरून मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत सारते. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे उरकते आणि त्याचा दणका दर वेळी फ्रेमला बसतो. नळी, स्प्रिंग किंवा मॅगझीन बिघडले तर तो भाग बदलून काम भागते. फ्रेम सदोष निघाली, तर मात्र प्रश्न अख्ख्या पिस्तुलाचा होतो.

दोषाचे स्वरूप पुष्कळसे सामग्रीवर ठरते. 1911 सालच्या प्रसिद्ध कोल्ट पिस्तुलाची फ्रेम पोलादाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या फ्रेम रूढ झाल्या. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 साली ग्लॉक 17 हे पिस्तूल स्वीकारले, तेव्हापासून साच्यात ओतलेल्या पॉलिमर फ्रेमचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. ओतीव धातूत हवेची पोकळी किंवा मळी अडकून राहू शकते. उष्णता देऊन धातू कठीण करताना ताप किंवा थंडावा चुकला, तर तो ठिसूळ होतो किंवा केसाएवढी चीर पडते. यंत्रावर कापताना पिनेचे भोक जरासे तिरके गेले तरी चाप आणि घोडा यांचा मेळ बिघडतो. पॉलिमर फ्रेममध्ये रेल सहसा धातूचेच असतात आणि ते बऱ्याचदा प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात, त्यामुळे तिथे खरा नाजूक भाग म्हणजे धातूचे हे तुकडे आणि त्यांची पकड.

यातले बरेच दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पोलादी भागाला चुंबकीय करून त्यावर लोहकण पसरले की ते चिरेपाशी गोळा होतात. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, म्हणून तिथे चिरेत झिरपणारा रंग वापरतात. आतल्या पोकळीसाठी क्ष-किरणांची मदत घ्यावी लागते. शेवटची परीक्षा म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून पाहणे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला 1813 सालापासून यासाठी स्वतंत्र परीक्षणगृह आहे, इटलीतही गार्दोने व्हाल त्रोंपिया येथे तशी व्यवस्था आहे. अमेरिकेत मात्र असे सरकारी परीक्षणगृह नाही. तिथे ही चाचणी उत्पादक स्वतःच करतात.

वापरणाऱ्याला दोषाची चाहूल लागते ती शस्त्र साफ करताना. एका बाजूचा रेल दुसरीपेक्षा जास्त घासलेला दिसतो, पिनेच्या भोकापासून बारीक रेघ निघालेली दिसते, स्लाइड एका ठिकाणी अडखळते किंवा पिना आपोआप बाहेर सरकतात. पण प्रत्येक तडा कारखानदोषाचा नसतो. हजारो गोळ्या झाडल्यावर पडलेला तडा ही झीज असू शकते. जास्त दाबाची किंवा घरी भरलेली काडतुसे हेही कारण असते. शिवाय आराखड्यातला दोष निराळा. उंचावरून विशिष्ट कोनात पडल्यास सिग साउअर कंपनीच्या पी320 पिस्तुलातून गोळी सुटू शकते, असे 2017 साली उघड झाले. ती चूक एखाद्या नगाची नव्हती, मूळ रचनेचीच होती. म्हणून कंपनीने आतले भाग बदलून द्यायची योजना काढली. कारखानदोष हा ठराविक नगांपुरता किंवा ठराविक काळातल्या उत्पादनापुरता असतो, आणि म्हणूनच पिस्तुलावरचा क्रमांक तपासात कळीचा ठरतो.

कारणावरून वाद किती लांबतो, हे अमेरिकी सैन्याच्या एम9 पिस्तुलाने दाखवले. जानेवारी 1985 मध्ये इटलीच्या बेरेटा कंपनीचे हे पिस्तूल निवडले गेले. 1987 साली नौदलाच्या सील पथकाच्या सरावात याच जातीच्या पिस्तुलांच्या स्लाइड मधोमध तुटल्या. मागचा तुकडा उडून थेट गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर आला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 1988 साली दिलेल्या अहवालात अशा 14 स्लाइडची नोंद आहे. त्यांपैकी 3 प्रत्यक्ष वापरात आणि 11 प्रयोगशाळेत तुटल्या. काडतुसांचा दाब मर्यादेपेक्षा जास्त होता, असे कंपनीचे म्हणणे होते. लष्कराच्या तपासणीत पोलादाचा चिवटपणा कमी भरला. अखेर जी सुधारणा झाली तिचे ठिकाण फ्रेम हे होते. फ्रेममधल्या घोड्याच्या पिनेचे डोके मोठे करण्यात आले आणि त्यासाठी स्लाइडच्या आत खाच पाडली, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा पिनेला अडकून राहील. ही सुधारित आवृत्ती 92एफएस या नावाने ओळखली जाते. धातू कधीतरी दगा देणार हे गृहीत धरून माणसाचा चेहरा वाचवणारा हा उपाय शस्त्रनिर्मितीतल्या उत्तम कामांत गणला पाहिजे.

खुद्द फ्रेमच्या दोषाचे ठळक उदाहरण ग्लॉकचे आहे. सप्टेंबर 2001 ते मे 2002 या काळात बनलेल्या काही पिस्तुलांचे मागचे रेल तुटू शकतात, असे लक्षात आल्यावर कंपनीने त्या फ्रेम विनामूल्य बदलून दिल्या. रेल प्लास्टिकमध्ये रुतलेले असल्यामुळे तेवढाच भाग काढून नवा बसवणे शक्य नव्हते. पूर्ण फ्रेमच बदलावी लागली.

आणि फ्रेम बदलणे म्हणजे ओळख बदलणे. अमेरिकेच्या 1968 सालच्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार फ्रेम हीच ‘शस्त्र’ मानली जाते. क्रमांक तिच्यावर असतो, तर नळी किंवा स्लाइड हे नुसते सुटे भाग. मोटारीच्या चासी नंबरासारखाच हा मामला आहे. म्हणून सुट्या फ्रेमचे पार्सल थेट ग्राहकाच्या घरी जात नाही. मालकाला आपले पिस्तूल दुरुस्तीसाठी परवानाधारक उत्पादकाकडे पाठवता येते आणि ते, किंवा त्याच प्रकारचे बदली शस्त्र, उत्पादक त्याला परत पाठवू शकतो, अशी सवलत कायद्यात आहे.

मात्र सदोष पिस्तूल परत घ्यायला लावणारी सरकारी यंत्रणा अमेरिकेत नाही. खेळण्यांपासून पाळण्यांपर्यंतच्या वस्तू बाजारातून परत मागवणाऱ्या तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून बंदुका वगळलेल्या आहेत. कंपनीने स्वतःहून पाऊल उचलले तरच गोष्ट पुढे सरकते, नाहीतर न्यायालय. 2005 सालच्या कायद्याने शस्त्र उत्पादकांना बऱ्याच दाव्यांपासून संरक्षण दिले, पण आराखड्यातल्या किंवा निर्मितीतल्या दोषामुळे झालेल्या इजेचे दावे काही अटींवर त्यातून वगळले. लहान मुलाच्या पाळण्याला जे नियम लागू, ते पिस्तुलाला नाहीत, ही गंभीर उणीव आहे.

संशय येताच करायची गोष्ट एकच: त्या शस्त्रातून आणखी एकही गोळी झाडायची नाही. आधी मॅगझीन काढावे, मग नळी रिकामी करून पुन्हा तपासावी आणि चिरेचे जवळून छायाचित्र घ्यावे. खरेदीची पावती, क्रमांक, वापरलेल्या काडतुसांचा प्रकार आणि झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज लिहून ठेवावा. कानस लावणे, वेल्डिंग करणे, भोक मोठे करणे हे प्रकार पूर्ण टाळावेत. त्याने धातूची ताकद जाते आणि दोष मुळात कोणाचा होता याचा पुरावाही नाहीसा होतो. चीर पडलेली ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगने सांधली, तर आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढचा तडा शेजारीच जातो.

भारतातही हा प्रश्न परवान्याशी जोडलेला आहे. शस्त्राचा क्रमांक परवान्यावर नोंदलेला असतो, आणि 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार ओळखचिन्ह खोडणे किंवा बदलणे गुन्हा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करण्याचा धंदाही करता येत नाही. म्हणून फ्रेममध्ये दोष दिसला तर ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊ नये. परवानाधारक विक्रेत्यामार्फत उत्पादकाला लेखी कळवावे, आणि शस्त्र बदलण्याची किंवा फ्रेम बदलल्यामुळे क्रमांक बदलण्याची वेळ आली तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात नोंद करून घ्यावी.