खडूच्या पोटात पिकणारी शॅम्पेन

फ्रान्सच्या रीम्स शहरात शॅम्पेन कंपन्यांची दालनं रस्त्यावर दिसतात, माल मात्र पायाखाली असतो. पूर्वी बांधकामासाठी इथे खडूचे दगड काढले गेले, खाणी तशाच राहिल्या. वर तोंड अरुंद, खाली पसरत जाणाऱ्या, काही ३० मीटर खोल. आत बारा महिने दहा-बारा अंशांचा गारवा, ओल आणि अंधार. १८६८ साली लुईज पोमेरी या विधवा उद्योजिकेने अशा शंभरावर खाणी बोगद्यांनी जोडायचं काम काढलं. २०१५ मध्ये युनेस्कोने शॅम्पेन प्रदेशातल्या टेकड्या, कंपन्यांच्या वास्तू आणि ही तळघरं जागतिक वारशात घेतली.

शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आंबताना तयार होणाऱ्या वायूला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. उरलेला गाळ काढणं हे खरं कसब. बाटल्या भोकं पाडलेल्या तिरक्या फळ्यांत मान खाली करून अडकवायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ हळूहळू तोंडाशी उतरतो. मग मान गोठवून झाकण उघडलं, की आतला दाबच गाळाचा गोळा बाहेर फेकतो. बाटल्या फिरवण्याची ही पद्धत बसवली ती विधवा उद्योजिका क्लिको यांच्या रीम्समधल्या तळघरात, १९व्या शतकाच्या सुरुवातीला. हल्ली बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रं करतात.

साध्या शॅम्पेनलाही किमान १५ महिने मुरवण्याचं बंधन आहे. बुडबुड्यांचं कौतुक खूप होतं. इतके महिने अडकून पडलेल्या पैशाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. या धंद्याची सारी रचना त्यावरच उभी आहे. शॅम्पेन प्रदेशातल्या सुमारे ३४,००० हेक्टर बागांपैकी जवळजवळ ९० टक्के बागायतदारांच्या मालकीच्या. विक्रीतला मोठा वाटा मात्र भांडवल बाळगणाऱ्या कंपन्यांचा. काही कंपन्या बाहेरून स्वस्त द्राक्षं आणत होत्या, म्हणून १९११ मध्ये बागायतदारांचा संताप उसळला. आय गावात तळघरं फुटली, सैन्य बोलवावं लागलं. भाव पडल्यावर काय होतं, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

तीनच वर्षांनी महायुद्ध आलं. जर्मन तोफांनी रीम्स शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त केला. लोक तळघरांत राहायला गेले, तिथेच शाळा भरल्या आणि तोफा चालू असतानाच द्राक्षतोडणीही झाली.

या शहराचा एक धागा आपल्यापर्यंत पोचतो. १९८०च्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीने फसफसती वाइन सुरू केली, तेव्हा तांत्रिक मदत रीम्सच्याच पायपर-हाइडसिककडून आली होती.

शॅम्पेन प्रदेशात आता हेक्टरी किती द्राक्षं काढायची, हे बागायतदार आणि कंपन्या दरवर्षी एकत्र बसून ठरवतात. २०२२ मध्ये सुमारे साडेबत्तीस कोटी बाटल्या खपल्या. २०२४ मध्ये जेमतेम २७ कोटी. खप असा घसरत असल्याने २०२३ मध्ये ११,४०० किलो असलेली हेक्टरी मर्यादा पुढच्याच वर्षी १०,००० किलोवर आणली गेली.