जुनं काउंटर बंद करू नका
नवीन काही सुरू करायचं म्हणून चालू धंदा मोडू नका. अमेरिकेचा पॅटन ऑस्वाल्ट बघा. मूळ धंदा स्टँड-अप कॉमेडी. १९९८ ते २००७ 'द किंग ऑफ क्वीन्स' मालिकेत अभिनय केला, पण स्टेज सोडलं नाही. त्याचा खाण्यावरचा विनोदी किस्सा दिग्दर्शक ब्रॅड बर्डनं ऐकला आणि 'रॅटाटुई'तल्या खवय्या उंदराचा, रेमीचा आवाज त्यालाच दिला. २००७ च्या त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं.

म्हणजे नवं काम जुन्यातूनच आलं. मी उलटं केलं होतं. नव्या मालासाठी जुनं कपाट रिकामं केलं, आणि बांधलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

आज एवढंच करा: गिऱ्हाईक तुमच्याकडे नेमकं कशासाठी येतं, ते वहीत लिहा. नवं काउंटर त्याच्या शेजारीच लावा.