खाडी घाण झाली, तर अर्ज कोणी करायचा?



खाडीकाठच्या एका गावात ग्रामसभेला बसलो होतो. विषय होता मेलेल्या माशांचा. ओहोटीला काठावर मासे पांढरे पडून लागले होते, तिसऱ्या उघड्या पडलेल्या, वास सुटलेला. मासळी विकणाऱ्या बायका तावातावाने बोलत होत्या. मागच्या बाकावरचे भातवाले मात्र गप्प. त्यांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "हा दर्यावाल्यांचा प्रश्न, आपण कशाला मध्ये पडा?" शेवटी अर्जावर सह्या झाल्या त्या फक्त मच्छीमारांच्या. तो अर्ज पुढे कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला. त्यावर ना तारीख होती, ना वेळ, ना जागेचं नाव.

त्या म्हाताऱ्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देतो.

आपली वाशिष्ठीच घ्या. तिवऱ्याच्या डोंगरात उगम, मग चिपळूण. वाटेत कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी तिला मिळतं, पुढे खेडकडून जगबुडी येते आणि दाभोळला ती समुद्राला भेटते. त्या वाटेवर शहराचं गटार आहे, लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी आहे आणि तुमच्या-माझ्या भातखाचराचं पाणीही आहे. दाभोळ खाडीतले मच्छीमार मासेमरीची तक्रार कित्येक वर्षं करत आलेत. कारखान्याचं पाप शेतकऱ्याच्या माथी मारायचं नाही. पण लावणीनंतर फोकून दिलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसात बांध फोडून जातो तो कुठे, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली बाजू साफ ठेवावी. चारसूत्री भातात दर चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. गुंठ्याला साधारण पावणेदोन किलो गोळ्या पुरतात. खत चिखलात मुळाशी राहतं, पाण्याबरोबर जात नाही आणि पैसेही वाचतात. आंब्यावरच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या पऱ्यात फेकायच्या नाहीत, हे तर सांगायलाही नको. (तरी सांगावं लागतं!)

कायदा आपोआप आला नाही

समुद्रकिनाऱ्यासाठी वेगळा नियम आहे, हे गावागावांत अजून माहीत नाही. १९८९ च्या एप्रिलमध्ये 'नॅशनल फिशवर्कर्स फोरम' या मच्छीमारांच्या संघटनेने किनाऱ्याने दोन मोर्चे काढले. एक मुंबईहून पश्चिम किनाऱ्याने, दुसरा बंगालकडून पूर्व किनाऱ्याने. 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' अशी त्यांची हाक होती. १ मे ला दोन्ही कन्याकुमारीला पोचले आणि तिथल्या सभेत गोळीबारही झाला. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्राने किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना काढली. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनाऱ्याच्या पाण्यात सोडायला तिने मनाई केली आणि जिथे सोडलं जातं तिथे ते तीन वर्षांत बंद करा असं लिहिलं. ती तीन वर्षं १९९४ लाच संपली, एवढंच सांगतो.

२००८ साली हा नियम बदलण्याचा मसुदा आला. मच्छीमार पुन्हा उठले, गुजरातच्या जखाऊपासून कोलकात्यापर्यंत किनारा फिरले, खासदारांना गाठलं, मंत्र्यांना गाठलं. २००९ मध्ये सरकारने तो मसुदा सोडून दिला. मग किनाऱ्यावरच्या लोकांची मतं ऐकण्यासाठी बैठका झाल्या आणि ६ जानेवारी २०११ ला नवी अधिसूचना आली. आता लागू आहे ती २०१९ ची. किनाऱ्यालगत बांधकामाला तिने बरीच सूट दिली, हे मच्छीमारांचं दुखणं आहे आणि ते खोटं नाही. पण कच्चं सांडपाणी सोडायला आणि प्लास्टिक पाण्यात टाकायला त्यातही बंदीच आहे. म्हणजे आपण मागायचं ते नवं काही नाही, लिहिलेलं आहे तेच पाळा असं सांगायचं आहे.

मागायचं कसं

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) इथे जरा लक्ष द्यावं. सीआरझेडच्या नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तीत किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण, हे आधी विचारा. नाव कळलं की त्यांच्या घरी जा.

मासे मेले की त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं, चार दिवसांनी नव्हे. भरती-ओहोटी दोनदा आली की पाणी बदलतं आणि नमुना कोरा निघतो. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग, जागा हे वहीत लिहा. फोटो काढा. मेलेले थोडे मासे बर्फात ठेवा. सांडपाण्याचं तोंड दिसत असेल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं पाणी घ्यायला अधिकाऱ्याला सांगा. ही वही हातात असली की आमदार साहेबांशी बोलणं सोपं होतं. त्यांना नुसतं "बघा की साहेब" म्हणून भागत नाही. अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारायचा किंवा लक्षवेधी मांडायची तर त्यांनाही कागद लागतो. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तो रस्ताही आहे.

मी सरकारी नोकर, मोर्चात मला चालता येत नाही. ठराव लिहायला मात्र बसेन.

येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर 'खाडी व नदीचे प्रदूषण' हा विषय लेखी घालून घ्या. ठरावावर मच्छीमारांच्या सह्यांबरोबर भातवाल्यांच्या आणि बागायतदारांच्याही सह्या हव्यात. वरच्या खोऱ्यातल्या गावांचे ठराव जोडता आले तर फारच बरं. प्रती जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ, आमदार आणि खासदार या चौघांना द्या. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाची पोच घ्या आणि ती पोच ग्रामपंचायतीच्या फाईलला लावा, खिशात ठेवू नका.