जुना कॉम्प्युटर : हिशेबाचं दुसरं कपाट



ग्रामसंघाचा हिशेब आता लॅपटॉपवर असतो. कर्जाचे हप्ते, ठराव, सभासदांच्या पासबुकांचे फोटो, सगळं त्यातच. लॅपटॉप बिघडला किंवा चोरीला गेला, तर ऑडिटला काय दाखवणार? म्हणून दुसरी प्रत हवीच. ती ठेवायला माळ्यावर पडलेला जुना कॉम्प्युटरही चालतो. नवीन कामाला तो हळू असेल, पण फाइली सांभाळायला पुरतो. त्याला लॅपटॉपचं कपाट समजा.

आधी काय बघायचं?
दुरुस्तीवाल्याकडून हार्ड डिस्क तपासून घ्या. ती कुरकुर आवाज करत असेल तर बदला, नाहीतर तो कॉम्प्युटर नकोच. आतला नाण्यासारखा सेल (सीआर २०३२) संपला असेल तर तारीख चुकते, मग कुठली प्रत ताजी ते कळत नाही. आधीच्या मालकाची माहिती पूर्ण पुसून घ्या.

जोडायचं कसं?
दोन्ही मशीनना एक लॅन केबल लावायची. लॅपटॉपला लॅनची जागा नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो. जुन्या कॉम्प्युटरवर ‘हिशेब’ नावाचं फोल्डर करून ते पासवर्ड लावून शेअर करायचं. हे सेटिंग एकदाच करून घ्यावं लागतं. मग लॅपटॉपवरून फाइल कॉपी करून त्या फोल्डरमध्ये पेस्ट करायची, बस्स.

हे पाळा
जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट देऊ नका. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. काम झालं की केबल काढा, म्हणजे लॅपटॉपचा व्हायरस कपाटात शिरण्याची शक्यता कमी होते. दर वेळी तारखेचं नवीन फोल्डर करा, जुनी प्रत लगेच पुसू नका. महिन्यातून एकदा जुन्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडून बघा. न उघडणारी प्रत काय कामाची?

विजेची काळजी नको. १०० वॅट लागले तरी १० तासांनी १ युनिट होतं, आणि आपल्याला आठवड्याला अर्धा तास पुरे.

दोन्ही मशीन एकाच खोलीत असतील तर आग, पाणी दोघांनाही लागतं. म्हणून तिसरी प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या घरी कुलपात ठेवा. प्रत कोणी, कधी काढली याची नोंद वहीत करा. पुढच्या बैठकीत हे काम कोणत्या ताईकडे, तेवढं ठरवून टाका.